ओटीपी आला नाही म्हणून फोन रीसेट करू नका: ग्राफीनओएसवर एसएमएसची तपासणी

महिन्याची वीस तारीख होती. नागपूरच्या इतवारीतल्या किराणा ओळीतले एक काका दुपारी बाराच्या सुमारास माझ्या ऑफिसात आले, खिशातला गूगलचा पिक्सेल फोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ताई, सकाळपासून एक मेसेज येऊन नाही राह्यला. पाहा बरं काय बिघडलं तं. नाही तं हे ग्राफीन काढूनच टाकतो आज." ग्राफीन म्हणजे ग्राफीनओएस, पिक्सेलवर टाकायची, खासगीपणा आणि सुरक्षेवर भर देणारी अँड्रॉइडची वेगळी आवृत्ती. आणि नेमका जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं मासिक रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. रिटर्न तयार, चलन भरलेलं, आणि सहीच्या जागी लागणारा ईव्हीसीचा ओटीपी काही केल्या येत नव्हता. काकांचा मुलगा शेजारी उभा राहून फॅक्टरी रीसेट कसं करायचं ते शोधत होता.

मी आधी फोन हातात घेतलाच नाही. फक्त विचारलं, "काका, गेल्या दोन दिवसांत सिमचं काही केलं का?" तर म्हणाले, "हो ना, काल संध्याकाळी ई-सिम करून घेतलं."

तिथेच उत्तर सापडलं. सिम बदललं, हरवलेलं नव्याने काढलं किंवा साध्या सिमचं ई-सिम (कार्डाशिवाय, फोनमध्येच चालू होणारं सिम) केलं की पहिले चोवीस तास त्या नंबरवर एसएमएस येणं-जाणं बंद ठेवायचं, असा दूरसंचार विभागाचा २०२२ सालचा आदेश आहे. कोणी तुमच्या नावाने खोटं सिम काढलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत, हा त्यामागचा हेतू. कॉल चालतात, नेट चालतं, फक्त मेसेज गप्प, म्हणून माणसाला वाटतं फोनच बिघडला. ईव्हीसीचा ओटीपी नोंदवलेल्या ईमेलवरही जातो, तो तिथून घेतला आणि रिटर्न भरलं. रात्री आठच्या सुमारास काकांच्या फोनवर मेसेज आपोआप सुरू झाले. त्या मुलाने रीसेट केलं असतं तर दुकानाचे सगळे फोटो, हिशोबाच्या नोंदी गेल्या असत्या आणि मेसेज तरीही रात्री आठलाच आले असते.

मी कर सल्लागार आहे. क्लायंटचे पॅन, बँकेचे उतारे, भागीदारीची कागदपत्रं माझ्या फोनवरून जातात, म्हणून मी पिक्सेल ७ए घेऊन त्यावर ग्राफीनओएस टाकलं. माझं पाहून चार-पाच व्यापाऱ्यांनी आणि घरच्या दोघांनी टाकलं. आता कोणाचाही मेसेज अडला की फोन माझ्या टेबलावर येतो. त्यातून तपासायचा एक क्रम हाताला बसलाय, तो इथे लिहितेय. मेसेज अडला म्हणून लोक वैतागून सगळ्या परवानग्या उघडून टाकतात किंवा जुन्या फोनवर परत जातात, याचं मला फार वाईट वाटतं. बहुतेक वेळा दोष ग्राफीनचा नसतोच.

आधी एक साधा मेसेज मागवा

एसएमएस इंटरनेटवरून येणारा मेसेज नाही. पाठवणाऱ्याकडून तो टेलिकॉम कंपनीकडे, तिथून टॉवरवर, टॉवरवरून तुमच्या सिमच्या नंबरवर, मग अँड्रॉइडकडे आणि शेवटी मेसेजच्या ॲपमध्ये येतो. या वाटेवर तो नेमका कुठे अडकला ते आधी शोधायचं.

त्यासाठी घरातल्या किंवा शेजारच्या कोणालाही त्यांच्या फोनवरून तुमच्या नंबरवर साधा एसएमएस टाकायला सांगा. शक्यतो पाठवणाऱ्याचं सिम दुसऱ्या कंपनीचं असू द्या. व्हॉट्सॲप नको, एसएमएसच, आणि नुसता "१" लिहिला तरी पुरे. हा मेसेज आला आणि बँकेचा आला नाही, तर तुमचा फोन आणि सिम दोन्ही ठणठणीत आहेत, अडचण बहुधा पाठवणाऱ्याकडे आहे. हाही आला नाही, तर सिम आणि नेटवर्क पाहायचं. ॲप उघडल्यावर मेसेज आत दिसतो पण वाजलाच नव्हता, तर सूचनांचा प्रश्न. मेसेज येतात पण तुमचे जात नाहीत, तर ते प्रकरण वेगळं, त्याचं पुढे सांगते.

हे दोन मिनिटांचं काम आहे, पण घाईत कोणी करत नाही.

एकही मेसेज येत नसेल तर

विमान मोड तीस सेकंद चालू ठेवून बंद करा. फोन नेटवर्कवर नव्याने नोंदणी करतो. अर्धी प्रकरणं इथेच संपतात.

मग स्टोरेज पाहा. फोनची जागा जवळजवळ भरली असेल तर अँड्रॉइड येणारे मेसेज घेतच नाही. माझ्या दिराच्या फोनवर लग्नाचे व्हिडिओ ठासून भरले होते. त्यातले काही काढल्याबरोबर अडकलेले मेसेज एकामागोमाग येऊन पडले.

त्यानंतर नेटवर्कचा प्रकार. हा भाग ग्राफीन वापरणाऱ्यांनी नीट वाचावा, कारण ही अडचण आपणच आपल्या हाताने ओढवून घेतो. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात सिम्स, त्यात तुमचं सिम, आणि त्यात प्रेफर्ड नेटवर्क टाइप. ग्राफीनमध्ये इथे 'एलटीई ओन्ली', म्हणजे फक्त ४जी, असा पर्याय मिळतो. जुन्या २जी-३जीच्या वाटा बंद झाल्या की हल्ल्याला जागा कमी राहते, म्हणून तो आहे आणि मी स्वतः तोच ठेवते. २जी बंद ठेवण्याचं आणखी एक चांगलं कारण आहे. नकली टॉवर उभा करून आसपासच्या फोनांवर खोटे मेसेज ढकलणारी यंत्रं फोनला २जीवरच खेचतात.

पण याची किंमतही आहे. जिओकडे २जी-३जी नाहीच, तिथे कॉल आणि मेसेज ४जी-५जीवरच चालतात, त्यामुळे फरक पडत नाही. एअरटेल किंवा बीएसएनएलचं सिम असेल आणि ४जीचा सिग्नल विरळ असेल, तर फोनला २जीवर उतरायची परवानगीच उरत नाही. इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती दीड-दोन हात जाडीच्या. एका क्लायंटच्या तळघरातल्या गोदामात स्टॉक मोजायला मी दोन तास बसले होते. वर येऊन रस्त्यावर पाय ठेवला तेव्हा अकरा मेसेज एकदम आले. आता तिथे जाताना मी तेवढ्यापुरतं २जी चालू करते, बाहेर आले की बंद. फोनचं कुलूप रोजच्या रोज उघडं ठेवायचं की गरजेपुरतं, इतकाच हा विचार आहे.

आता फोनच्या आत डोकावायचं. डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाका. शेवटचं चिन्ह उमटताच चाचणीचं पान आपोआप उघडतं, कॉलचं बटण दाबावं लागत नाही. त्यात 'फोन इन्फर्मेशन' उघडा. दोन सिम असतील तर वर कोणतं सिम ते निवडायची सोय असते, बरोबर सिम निवडलंय ना ते पाहा, नाहीतर तासभर भलत्याच सिमची माहिती वाचत बसाल. मग कोपऱ्यातल्या तीन टिंबांमध्ये 'आयएमएस सर्व्हिस स्टेटस' दाबा. छोटी चौकट येते. पहिल्याच ओळीत 'रजिस्टर्ड' दिसलं तर ४जीवरची कॉल-मेसेजची वाट उघडी आहे. 'नॉट रजिस्टर्ड' दिसलं आणि तुम्ही एलटीई ओन्लीवर असाल, तर बहुधा तोच तुमचा चोर. त्या सिमच्या सेटिंगमध्ये व्होएलटीईचा (४जीवरून कॉल करायच्या सोयीचा) खटका चालू आहे ना पाहा, विमान मोड लावून काढा, पुन्हा चौकट उघडा. तरीही नाही झालं तर काही वेळ एलटीई ओन्ली सोडून साधा पर्याय निवडून पाहा. त्या पानावरची बाकी बटणं दाबू नका.

यानंतरचा उपाय म्हणजे सेटिंग्ज, सिस्टिम, रीसेट ऑप्शन्स आणि त्यात फक्त मोबाइल नेटवर्कचं रीसेट. याने फोटो किंवा ॲप जात नाहीत. त्याच पानावर सगळं पुसून टाकणारा पर्यायही असतो, म्हणून नाव दोनदा वाचा आणि मगच बोट लावा.

बाकीचे मेसेज येतात, फक्त ओटीपी येत नाही

भारतात कंपन्यांचे मेसेज थेट तुमच्यापर्यंत येत नाहीत. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याला आपलं नाव आणि मेसेजचा साचा आधी डीएलटी नावाच्या यंत्रणेत नोंदवावा लागतो. साच्याशी न जुळणारा मेसेज टेलिकॉम कंपनीच्या गाळणीतच थांबतो. मार्च २०२१ मध्ये ही गाळणी लागू झाली तेव्हा देशभर ओटीपी अडकले होते आणि ट्रायला ती काही दिवस थांबवावी लागली होती. म्हणजे बँकेने साच्यात एखादा शब्द बदलला आणि नोंद केली नाही, तर तुमच्या फोनचा काही संबंध नसताना ओटीपी गायब होऊ शकतो. अशा वेळी फोन उलटापालटा करून हाती काही लागत नाही, पाठवणाऱ्याकडेच तक्रार करायची.

डीएनडीवर संशय घेऊ नका. १९०९वर डीएनडी पूर्ण चालू केलं तरी ते जाहिराती अडवतं, ओटीपी नाही. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी हल्ली एक अक्षर असतं, त्यावरून जात ओळखता येते: टी म्हणजे व्यवहाराचा, एस सेवेचा, जी सरकारी, पी जाहिरातीचा. हे पाहायची सवय लावून घ्या. बँकेच्या नावाने आलेला मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून असेल, तर त्यातली लिंक उघडू नका.

जाहिरातींना कंटाळून एखाद्या नावाला ब्लॉक करताना चुकून बँकच ब्लॉक झाली, असं मी दोनदा पाहिलंय. मेसेज ॲपच्या तीन टिंबांमध्ये ब्लॉक केलेल्यांची यादी असते, ती एकदा चाळा.

ओटीपी मेसेजमध्ये दिसतो पण चौकटीत आपोआप भरत नाही, ही तक्रारही रोजची. ते आपोआप भरण्याचं काम गूगल प्ले सर्व्हिसेस करते. ग्राफीनमध्ये ती नसते, किंवा तुम्ही टाकलीच तर साध्या ॲपसारखी पिंजऱ्यात असते आणि तिला एसएमएसची परवानगी तुम्ही दिल्याशिवाय मिळत नाही. माझं मत विचाराल तर सहा आकडे हाताने टाका. तेवढ्यासाठी सगळे मेसेज वाचायची मुभा देणं मला पटत नाही.

दुसऱ्या प्रोफाइलमध्ये असाल तर

हा खास ग्राफीनवाल्यांचा घोळ. मी ऑफिसचं सगळं वेगळ्या यूजर प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्याच फोनवरच्या दुसऱ्या खात्यात ठेवते. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं की दुपारी मेसेज बंद पडतात आणि घरी गेल्यावर सुरू होतात. खरं तर ते मूळ प्रोफाइलमध्ये वेळेवर येऊन पडत होते. दुसऱ्या प्रोफाइलला कॉल आणि एसएमएस मुळात बंद असतात.

ते चालू करायचं तर मूळ प्रोफाइलमध्ये जा, सेटिंग्ज, सिस्टिम, यूजर्स, त्यात ते प्रोफाइल निवडा आणि कॉल व एसएमएसचा खटका चालू करा. फोन तेव्हाच सांगतो की कॉल आणि मेसेजचा सगळा इतिहास त्या यूजरलाही दिसेल. हे वाक्य वाचून मी थांबले. घरच्यांचे मेसेज ऑफिसच्या ॲप्सच्या शेजारी मला नको होते. म्हणून मी खटका बंदच ठेवला आणि ओटीपी लागला की मूळ प्रोफाइलमध्ये जाऊन पाहते. बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप मात्र मूळ प्रोफाइलमध्येच ठेवा, कारण नोंदणीच्या वेळी त्याला तुमच्या सिमवरून मेसेज पाठवावा लागतो.

आला, पण वाजला नाही

अँड्रॉइड १३पासून सूचना दाखवायलाही ॲपला परवानगी लागते. नवीन मेसेज ॲप टाकताना घाईत 'नको' दाबलं असेल तर ते मुकाट मेसेज घेत राहतं. सेटिंग्ज, ॲप्स, तुमचं मेसेज ॲप, नोटिफिकेशन्स. तिथेच डिफॉल्ट ॲप्समध्ये एसएमएससाठी कोणतं ॲप नेमलंय तेही पाहा. पूर्वी सिग्नल हे ॲप साधे एसएमएसही सांभाळायचं. अँड्रॉइडवर ते बंद करत असल्याचं त्यांनी २०२२ मध्ये जाहीर केलं, तरी त्या सवयीने सिग्नलमध्ये एसएमएस शोधणारे अजून भेटतात. ग्राफीनचं सोबत येणारं साधं ॲप पुरतं. आवडलं नाही तर एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या दुकानातलं फॉसिफाय मेसेजेस चांगलं आहे.

नावांऐवजी नुसते नंबर दिसत असतील तर मेसेज ॲपला कॉन्टॅक्ट्सची परवानगी नाही, किंवा कॉन्टॅक्ट स्कोप्स (ॲपला निवडक नावंच दाखवायची ग्राफीनची सोय) चालू आहे आणि यादी रिकामी आहे. घरची माणसं तेवढी त्यात टाका, काम भागतं.

मेसेज जातच नाहीत

पहिल्यांदा पॅक पाहा. काही स्वस्त पॅकमध्ये एसएमएस नसतातच, बाकीच्यांत साधारण दिवसाला शंभर. यूपीआयची नोंदणी "मेसेज पाठवता आला नाही" म्हणून अडते, त्यामागे हेच पहिलं कारण असतं. दुसरं कारण दोन सिमचं. पिक्सेलमध्ये एक सिम खाचेतलं आणि एक ई-सिम असतं. बँकेत नोंदलेला नंबर एकीकडे आणि मेसेज निघतो दुसरीकडून. सिम्सच्या पानावर एसएमएससाठी 'दर वेळी विचारा' असं ठेवा. तिसरं, यूपीआय ॲपला फोन आणि एसएमएसची परवानगी नोंदणीपुरती द्यावीच लागते. नोंदणी झाली की एसएमएसची काढून घ्या. काही बँकांची ॲप्स ग्राफीनवर चालायलाच नकार देतात, तो प्रश्न मेसेजचा नाही, त्यात वेळ घालवू नका.

हे सगळं ठीक असूनही मेसेज येतात पण एकही जात नाही, तर संदेश केंद्राचा नंबर, म्हणजे एसएमएससी, चुकलेला असू शकतो. त्याच ४६३६च्या पानावर खाली तो दिसतो, 'रिफ्रेश' दाबलं की सिममधला नंबर येतो. रिकामा किंवा भलताच असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेकडून महाराष्ट्र सर्कलचा नंबर घ्या. नागपूर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतं, मुंबई वेगळी आहे, हे त्यांना आठवण करून द्या. पिक्सेलवर तो बदलताना कधी कधी 'अपडेट' होत नाही. तेव्हा मी सिम काढून बटणांच्या जुन्या फोनमध्ये घालते, मेसेज सेटिंगमध्ये केंद्राचा नंबर भरते आणि सिम परत लावते. नंबर सिमवरच साठतो. जिओच्या सिमला ही युक्ती चालत नाही, ते २जी फोनमध्ये उठतच नाही.

आपल्या मराठीतल्या मेसेजचं एक लक्षात ठेवा. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसला १६० जागा मिळतात, युनिकोडमध्ये ७०. आणि काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी एक जागा घेते. 'नागपूर' लिहिलं की सहा जागा गेल्या. मोठा मेसेज तुकड्यांत जातो. काही ॲप 'लांब मेसेज एमएमएसने पाठवा' या सेटिंगमुळे तो एमएमएस करून टाकतात आणि आपल्याकडे एमएमएस बहुतेक अडतोच. ते सेटिंग बंद ठेवा. चार जणांना एकत्र पाठवलेला मेसेज अडत असेल तर ग्रुप मेसेजिंगमध्ये प्रत्येकाला वेगळा एसएमएस जाईल असा पर्याय निवडा.

एकाच माणसाचे मेसेज येत नाहीत

ग्राफीनवर आल्यानंतर चार दिवस अमरावतीच्या माझ्या बहिणीचे मेसेज मला मिळाले नाहीत. बाकी सगळ्यांचे येत होते. तिच्याकडे पाठवले दिसत, माझ्याकडे काही नाही. चौथ्या दिवशी तिने फोन करून विचारलं, "काहून गं, रागावली का माझ्यावर?"

झालं होतं असं की, जुन्या फोनवर गूगल मेसेजेसमध्ये आरसीएस, म्हणजे एसएमएसऐवजी इंटरनेटवरून मेसेज पाठवायची सोय, चालू होतं आणि सिम काढण्याआधी ते बंद करायचं माझ्याकडून राहून गेलं. त्यामुळे माझा नंबर अजूनही आरसीएसवर आहे असं समजून तिचा फोन इंटरनेटवरून मेसेज पाठवत होता आणि ते घ्यायला इकडे कोणी नव्हतं. जुना फोन हाताशी असेल तर त्यात सिम घालून गूगल मेसेजेसच्या सेटिंगमध्ये आरसीएस बंद करा. फोन विकला असेल तर गूगलचं नंबर काढून टाकण्याचं पान आहे: तिथे नंबर द्यायचा, एसएमएसने आलेला कोड टाकायचा. त्यानंतर मेसेज पुन्हा साध्या वाटेने येऊ लागतात. आरसीएस ग्राफीनवर हवंच असेल तर गूगल मेसेजेस आणि प्ले सर्व्हिसेस एकाच प्रोफाइलमध्ये टाकून फोन आणि एसएमएसच्या परवानग्या द्याव्या लागतात. मी ते केलेलं नाही. बहीण आणि मी आता सिग्नलवर बोलतो.

काहीही पुसण्याआधी

एफ-ड्रॉइडवरच्या एसएमएस इंपोर्ट एक्सपोर्ट या ॲपने मेसेज एका फाइलमध्ये काढून पेन ड्राइव्हवर ठेवा. मेसेज ॲपची कॅशे साफ करायला हरकत नाही. सिस्टिममधल्या फोन आणि मेसेजच्या साठ्याला मात्र हात लावू नका, खरे मेसेज तिथेच असतात.

आणि एवढं करूनही अडलं तर टेलिकॉम कंपनीच्या तक्रारीच्या १९८ या नंबरवर तक्रार नोंदवा. आधी कागदावर लिहून ठेवा: कोणत्या तारखेला किती वाजता कोणी मेसेज पाठवला, तेव्हा तुम्ही कुठे होता, सिम दुसऱ्या साध्या फोनमध्ये घालून पाहिलं तेव्हा काय झालं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. "तुमच्या फोनमध्ये वेगळी सिस्टिम आहे, आम्ही काही करू शकत नाही," असं ऐकावं लागतं, आणि "तेच सिम दुसऱ्या फोनमध्येही असंच करतं" म्हटलं की बोलणं पुढे सरकतं. तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. मुदतीत काम झालं नाही तर त्याच डॉकेट नंबरच्या आधारे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. काकांच्या दुकानातल्या कॅलेंडरवर वीस तारखेच्या चौकटीत मी १९८ लिहून दिलंय आणि खाली "सिम बदलायचं तर पंधराच्या आत".